आईच्या पुढे गेलेला मुलगा

लहान मुलांवर संस्कार कसे करावेत, या विषयावर बोलायला आपल्याकडे कोणाचीच ना नसते. लग्नाच्या मांडवात, एस. टी. स्टँडवर, पालकांच्या सभेत, जिथे चार मोठी माणसे जमतात तिथे हा विषय निघतोच. हल्लीची मुले बिघडली, असा ठराव होतो आणि मंडळी पांगतात. ज्यांच्याविषयी ही चर्चा चाललेली असते ती मुले मात्र त्या वेळी बाजूला बसून निराळेच काही शिकत असतात. दारात वसुलीवाला उभा असताना बाबा घरी नाहीत असे सांग, म्हणून ज्या पाच वर्षांच्या पोराला बाहेर धाडले जाते, त्याला सत्य बोलण्याचा धडा पुढे शाळेच्या पुस्तकात भेटतो. पण तोपर्यंत त्याचा पहिला धडा पाठ झालेला असतो.

या विषयावर वार्षिकांकासाठी लिहावे असे ठरविले, तेव्हा माझ्यासमोर एकच नाव आले. ते म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, अर्थात साने गुरुजी. मित्रहो, नाव वाचून काहीजण पान उलटतील हे मला ठाऊक आहे. शाळेत असताना बक्षीस म्हणून मिळालेले ‘श्यामची आई’ आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे, आणि गुरुजी म्हणजे सारखे डोळे पुसणारे गृहस्थ, अशी एक समजूत आपण शाळेतच करून घेतलेली आहे. मीही ती करून घेतली होती. पण मी मोडनिंबचा. कुर्डुवाडीहून निघालेली बार्शी लाइटची छोटी गाडी आमच्या गावावरूनच पंढरपूरला जायची. ती गाडी आता राहिली नाही, रूळही रुंद झाले, परंतु पंढरीची वाट तीच आहे. गुरुजींच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग या आमच्या वाटेच्या शेवटाला, पंढरपुरात घडला, आणि माझ्या मते त्याचा आरंभ कोकणातल्या एका खेड्यात, लाकडाच्या मोळीपाशी झाला. ही दोन टोके जोडून पाहावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोताचे. आजोबांच्या काळी घरात सुबत्ता होती. वडील सदाशिवराव यांच्या वेळेपर्यंत मात्र परिस्थिती पार खालावली. कर्ज झाले, सावकाराच्या माणसांचे बोल ऐकावे लागले, राहते घरही गेले. आईचे नाव यशोदा. तिचे शिक्षण म्हणावे असे काही झालेले नव्हते. मुलाला चांगली शाळा, चांगले कपडे, चांगली पुस्तके देणे तिच्या हातात नव्हते. जे होते ते दिले, आणि ते काय होते याचा हिशेब मुलाने पुढे नाशिकच्या तुरुंगात मांडला. फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत, त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे होऊन गेली होती. तुरुंगाच्या भिंतीआड बसलेल्या, तेहतीस वर्षांच्या माणसाला पाच दिवसांत एवढे सगळे आठवावे, यावरून ते किती खोल गेले असेल याची कल्पना येते. पुस्तकातला श्याम म्हणजे कथारूपाने आलेले गुरुजींचे बालपण, असे धरूनच मी पुढे लिहीत आहे.

या आईची पद्धत पाहण्यासारखी आहे. स्नान झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून छोटा श्याम हट्ट धरतो, आणि आई आपला पदर पसरते. मुलगा त्यावरून चालत जातो. नंतर ती सहज सुचवते की पायांना घाण लागू नये म्हणून जसा जपलास, तसा मनालाही जप. हा प्रसंग आपण इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. आई आधी पदर पसरते आणि मग बोलते. उपदेश करून मग पदर पसरला असता, तर तो सौदा झाला असता.

झाडावरच्या कळ्या पहाटेच चढाओढीने खुडून आणणाऱ्या मुलाला ती फुलांची कणव शिकविते. पोहायला घाबरून माळ्यावर दडून बसलेल्या मुलाला मात्र तीच आई शिंपटीने झोडपून विहिरीवर धाडते. संध्याकाळी त्याच्या अंगावरचे वळ पाहून ती रडते; पण लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणावे हे तिला सोसणार नव्हते, हेही त्याला कळते. मारणे योग्य की अयोग्य यावर आज आपण निराळे मत देऊ, आणि द्यावेही. मला इथे दुसरेच महत्त्वाचे वाटते. गुरुजींची आई म्हणजे नुसती मऊ मेणाची बाहुली नव्हती. ‘श्यामची आई’ रडकी म्हणणाऱ्यांनी विहिरीचे प्रकरण पुन्हा वाचावे.

पैशाच्या बाबतीत तर ती फारच कडक. शिकून मोठे व्हायचे, त्यासाठी पुस्तक हवे, म्हणून श्याम पाहुण्याचे पैसे घेतो. हेतू किती उदात्त! पण आईच्या लेखी ती चोरीच. पुढे दापोलीला शिकत असताना खाऊचे पैसे साठवून तो धाकट्या भावाला कोट शिवून आणतो, तेव्हाही भावावरच्या मायेचे कौतुक करण्याआधी हे पैसे आले कुठून, याची ती खात्री करून घेते. घरात दारिद्र्य, मुलाच्या हातात नवा कोट, आणि आईला पहिली काळजी पैशाच्या वाटेची. आपल्याकडे किती घरांत हा प्रश्न विचारला जातो? पोराने पैसे आणले यातच आनंद मानणारे आईबाप मी पुष्कळ पाहिले आहेत. पण उलटही पाहिले आहे. बोराच्या हंगामात आमच्या बाजारात एक बाई आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलीकडून बोरे तोलून घेते. पारडे गिऱ्हाइकाकडे झुकले की ती मुलीकडे पाहून नुसती मान हलविते. झुकते माप द्यावे, हे त्या मुलीला कोणी सांगितलेले मी ऐकले नाही. तिच्या हाताला ते कळलेले आहे.

आता मोळीच्या प्रसंगाकडे येतो. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातली एक म्हातारी बाई डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडल्यामुळे वाटेत अडकून बसली होती. मोळी एकटीला उचलवेना, आणि हात लावायला कोणी येईना. आईने श्यामला पाठविले. जा, तिला मोळी उचलून दे, आणि घरी येऊन स्नान कर, असा त्या सांगण्याचा आशय. मुलगा गेला, मोळी उचलून दिली. गावातल्या काही लोकांनी नाके मुरडली. घरी येऊन त्याने स्नान केले.

या स्नानावर आमच्या वर्गात एकदा चांगलाच वाद झाला. एक मित्र म्हणाला की अंघोळ करायला लावणारी आई अस्पृश्यता पाळणारीच होती, तिचे गोडवे कशाला गायचे? त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते झाकण्याचे कारण नाही. ज्या बाईची मोळी उचलली, तिच्या बाजूने पाहिले तर मदत करून लगेच स्नानाला पळणारा मुलगा काही फार मोठा दिलासा नव्हे. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी, कोकणातल्या एका ब्राह्मण घरात, जगाच्या बोलण्याला भिणाऱ्या एका गरीब बाईने जेवढे पाऊल टाकले तेवढे टाकले. देवाला सारीच प्रिय असतात, ही गोष्ट तिने मुलाच्या मनात घातली. स्नान तिला सोडता आले नाही. मुलाच्या पदरात दोन्ही गोष्टी पडल्या. त्यातली कोणती ठेवायची आणि कोणती टाकायची, हे त्याचे त्याला ठरवायचे होते. गुरुजींचे पुढचे सारे आयुष्य मला या निवडीचा इतिहास वाटतो.

हे सुचण्याला आणखी एक कारण आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात सहा वर्षांचा मुलगा आहे. अतिशय गुणी. रोज संध्याकाळी देवापुढे हात जोडतो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. घरचे त्याच्या संस्कारांविषयी अभिमानाने बोलतात. एकदा शेजारच्या आळीतल्या सवंगड्याच्या घरी तो पाणी प्यायला, तेव्हा त्याच्या आईने त्याला मारले नाही की रागावली नाही. फक्त एक नजर टाकली. पुढच्या खेपेला तो मुलगा तहानलेलाच घरी आला. ही शिकवणही आईनेच दिलेली आहे, आणि तिलाही त्या घरात संस्कारच म्हणतात. तेव्हा संस्कार करावेत एवढे म्हणून भागत नाही. पदर पसरण्याचा आणि नजर टाकण्याचा, दोन्हींचा परिणाम सारखाच खोल होतो.

गुरुजींच्या विद्यार्थिदशेबद्दल थोडक्यात सांगतो. दापोलीची मिशन शाळा, मग औंध संस्थान, मग पुणे. गरिबीचे चटके सगळीकडे. २ नोव्हेंबर १९१७ रोजी आई गेली. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा, शिक्षणासाठी दूर. शेवटची भेट झाली नाही. ही रुखरुख त्यांना जन्मभर पुरली. १९१८ साली ते मॅट्रिक झाले, पुढे एम. ए. झाले, आणि १९२४ मध्ये खानदेशात अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागले.

अंमळनेरची सहा वर्षे मला फार मोलाची वाटतात. कारण तिथे ते मुलांचे गुरुजी तर झालेच, पण आईही झाले. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुले शाळेत गेली की हा एम. ए. झालेला माणूस त्यांच्या खोल्या झाडायचा, विसकटलेली अंथरुणे आवरून ठेवायचा, कंदिलाच्या काचा पुसायचा. आजारी मुलाचे सर्व काही करायचा. ज्या मुलाची खोली अस्ताव्यस्त असे त्याला बोलणे बसत नसे. तो परत आल्यावर खोली स्वच्छ झालेली पाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी त्याचा तोच लाजे आणि केरसुणी हातात घेई. मुलांसाठी ते एक हस्तलिखित दैनिकही स्वतः लिहून काढीत. नोकरी सांभाळून रोजच्या रोज, हाताने! वर्षातून एकदा निघणाऱ्या आपल्या अंकाच्या लेखनाला आपण किती वेळा मुदत मागतो, हे आठवून मला जरा चमत्कारिक वाटले. अध्यापक वर्गाने या वाक्याकडे कृपया दुर्लक्ष करावे.

१९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि त्यांनी नोकरी सोडली. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक अशा तुरुंगांच्या वाऱ्या सुरू झाल्या. त्रिचनापल्लीला दक्षिणेतल्या सोबत्यांमुळे तमिळचा परिचय झाला, आणि पुढे कुरल हा तमिळ ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, ते सारे गुरुजींनी टिपून घेतले, म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहे. १९३६ चे फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन, शेतकरी-कामगारांचे लढे, बेचाळीसचे भूमिगत जीवन. याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, ते इथे पुन्हा सांगत बसत नाही.

स्वातंत्र्य दाराशी आले होते. १९४६ च्या अखेरीस गुरुजींनी ठरविले की पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले झाले पाहिजे, नाहीतर आपण प्राणांतिक उपोषण करू. पंढरीच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. आम्ही लहानपणापासून ती पाहतो, हात जोडतो आणि पुढे सरकतो. चौदाव्या शतकातला हा संत विठ्ठलाचा एवढा लाडका, आणि मंदिराच्या आत मात्र त्याला मज्जाव. सहाशे वर्षे त्याच्या समाजाची माणसे त्याच पायरीपाशी थांबत होती. गुरुजींचे स्वतःचे नाव पांडुरंग, म्हणजे विठ्ठलाचेच. या गोष्टीने त्यांना बोचले असेल असे मला उगीचच वाटते.

सहकाऱ्यांनी विनविले की एकदम उपोषण नको, आधी लोकमत तयार करा. मग त्यांनी महाराष्ट्रभर दौरा काढला. राष्ट्र सेवा दलाची तरुण मंडळी कलापथक घेऊन बरोबर होती. गावोगाव सभा झाल्या, कितीतरी विहिरी आणि देवळे खुली झाली. पंढरीचे दार मात्र बंदच राहिले. तेव्हा १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण सुरू केले. आमच्या सोलापूर जिल्ह्यातला मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला या तारखेचा अर्थ सांगावा लागणार नाही. सकाळी नऊनंतर उंबरठ्याबाहेर पाय ठेववत नाही. अशा दिवसांत तो माणूस उपाशी पडून होता. सनातनी मंडळींचा विरोध होताच. आपल्या माणसांतही मतभेद होते. खुद्द गांधीजींना, त्यांच्यापर्यंत पोचलेल्या माहितीवरून, हे उपोषण योग्य वाटले नव्हते आणि ते सोडावे असे त्यांनी कळविले. ज्यांना गुरुजी बापाच्या ठिकाणी मानीत त्यांचा हा निरोप. तरीही ते थांबले नाहीत. आईने शिकविले त्याच्या पुढे जाणारा मुलगा बापाच्या सांगण्याच्याही पुढे गेला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यस्थांच्या खटपटीला यश आले, मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले.

देऊळ उघडल्याने पोट भरत नाही, असा आक्षेप तेव्हाही होता. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० पासून वर्षानुवर्षे सत्याग्रह चालला आणि दार उघडले नाही. त्यानंतर बाबासाहेबांनी आपल्या समाजाला निराळी वाट दाखविली. ज्यांना सहाशे वर्षे बाहेर ठेवले त्यांनी आता आत यायचे की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे, त्यात गुरुजींचे उपोषण आड येत नाही. उपोषण बाहेरच्यांच्या उद्धारासाठी नव्हते, आत बसलेल्यांच्या मनासाठी होते, असे मी समजतो. मोळी उचलून आल्यावर करायचे ते स्नान पालगडच्या त्या मुलाने या वेळी केले नाही. आता दाराच्या आत बसलेल्यांचे मन धुऊन निघावे, एवढी त्याची इच्छा होती.

जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातला, या विचाराने गुरुजी कोसळले. त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतातल्या निरनिराळ्या भाषांच्या लोकांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांकडे जाऊन राहावे, यासाठी आंतरभारतीचे स्वप्न त्यांनी मांडले. आणि ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले.

हे शेवटचे वाक्य शाळेच्या पुस्तकात बहुधा नसते. ते गाळून चरित्र सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. दुसऱ्याचे दुःख आपले मानायला आईने शिकविले. पण साऱ्या देशाचे दुःख एकट्याने किती वाहायचे, मोळी फार जड झाली तर हाक कशी मारायची, हे कोणी शिकविले नव्हते. वाटेत अडकलेल्या म्हातारीला निदान कोणी तरी उचलू लागायला आले होते. मुलांना कोवळे मन देणाऱ्या आईबापांनी त्यांना मदत मागण्यात कमीपणा नाही हेही सांगायला हवे, असे हे चरित्र वाचून मला प्रकर्षाने वाटले. विहिरीत उडी मारायला शिकविणारी ती आई आणखी काही वर्षे जगली असती तर काय झाले असते, या प्रश्नाला अर्थ नाही, तरी तो मनात येतो.

१९५३ साली आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाला, आणि पहिलेच राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले. त्यामुळे आई घराघरांत पोचली हे खरे, पण पंढरपूरच्या मठात उपाशी पडलेला मुलगा त्या मानाने मागे राहिला. आमच्या भागातसुद्धा त्या उपोषणाची जागा ठाऊक असलेले माझ्या वयाचे फार थोडे निघतील. वारीच्या दिवसांत आमचे स्टँड माणसांनी फुलून जाते, त्यातल्या किती जणांना कळत असेल की आपल्या रांगेत आज कोणीही उभे राहू शकते ते कोणामुळे?

गुरुजींनी लग्न केले नाही. स्वतःचे मूल त्यांना नव्हते. आयुष्याच्या अखेरच्या काळात आपल्या लहान पुतणीला, सुधाला, त्यांनी पत्रे लिहिली. ‘सुंदर पत्रे’ या नावाने ती पुस्तकरूपात आहेत आणि आपल्या ग्रंथालयात कोणी मागितली तर मिळावीत. मुलांना काय शिकवावे यावर ज्याने आयुष्य वेचले तो माणूस एका मुलीला काय लिहितो, या उत्सुकतेने मी ती वाचायला घेतली. नियमांची यादी कुठेच आढळली नाही. फुले आहेत, पाखरे आहेत, पाऊस आहे, संतांच्या आणि थोरांच्या गोष्टी आहेत, दूरच्या प्रांतांतल्या माणसांची ओळख आहे. मोठ्या माणसाने लहान मुलीला बरोबरीने बसवून घेतले आहे आणि आपण जे पाहिले ते तो तिला दाखवितो आहे.